दोन कुलपांची झाळ

मी, विजयमाला भ्रतार गहिनीनाथ कराळे, वय एकसष्ट वर्षे, धंदा कल्हई व झाळकामाचा कारखाना, राहणार सावेडी, अहमदनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे मात्र राहिलेले नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असून पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया करायचे ठरले आहे. डॉक्टर म्हणाले, "बाई, डोळ्यांचे मला काही वाटत नाही, मला तुमच्या छातीची काळजी आहे." म्हणून आधी हे लिहून मोकळी होत आहे.

अक्षर मोठे काढले आहे, कारण बारीक काढले तर मलाच दिसत नाही. ओळी कुठे वर, कुठे खाली गेल्या असतील. त्यावरून कोणी माझ्या बुद्धीविषयी शंका काढू नये. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये मला अक्षर आणि चित्रकला शिकवणाऱ्या सिस्टर अगाथा आज असत्या, तर त्यांनी हे पान माझ्यासमोर फाडले असते, आणि नवे पान देताना डोक्यावरून हात फिरवला असता.

याच वर्षी उन्हाळ्यात मी एक मृत्युपत्र केले होते. ते मी या लेखाने रद्द करते. ते का केले आणि का मोडले, हे पुढे सांगितले आहे. मृत्युपत्रात अशी कारणे लिहायची नसतात असे वकील म्हणतात. पण ज्या दोघांसाठी हे लिहिले आहे त्यांना ती कळायला हवीत, आणि समोरासमोर बसवून सांगावी तर ते दोघे एका खोलीत बसत नाहीत.

ते दोघे म्हणजे माझा मुलगा सहादेव आणि माझ्या कारखान्यात लहानाची मोठी झालेली मनकर्णा.

सहादेव माझ्या पोटचा नाही. मी गहिनीनाथांची दुसरी बायको. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नुकता चालायला लागला होता आणि मला पाहिले की कोळशाच्या पोत्यामागे लपत असे. पुढे त्याला एकदा ताप आला आणि तो माझ्या मांडीवरून उतरेना, तेव्हापासून मी त्याची आई आहे. याबाबत कायद्याचे काय म्हणणे आहे, ते मी विचारलेले नाही.

मनकर्णा ही झुंबरबाईची मुलगी. झुंबरबाई पाथर्डीकडची. ऊसतोडीला निघालेल्या टोळीतून आजारी पडून नगरातच मागे राहिली आणि आमच्या भट्टीचा भाता ओढू लागली. मनकर्णा तिच्या पाठीशी बांधलेली असे. भात्याबरोबर ती पोर पुढे-मागे झुलत झोपायची. मोठी झाली, नांदायला गेली, आणि वर्षाच्या आत परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर होती.

कलम १. मालकीविषयी. सावेडीची जागा, त्यावरचे घर, मागच्या दोन खोल्या आणि कारखाना हे सर्व माझे वडील आबासाहेब यांनी मला लग्नात घातलेल्या दागिन्यांतून, माझ्या नावाने घेतलेले आहे. वडील कालव्याच्या खात्यात होते, सतत फिरतीवर, म्हणून मला सिस्टरांकडे ठेवले होते. दागिने मोडले तेव्हा त्यांनी जागेची मोजणी स्वतः उभे राहून करून घेतली. तेव्हा सभोवार ज्वारी होती. माझी थोरली जाऊ केशरबाई म्हणाली होती, "रानात भट्टी घालून काय कोल्ह्यांच्या भांड्यांना कल्हई करनार का?" आता तिथे बंगले झाले आहेत आणि माणसे स्कूटरवरून जातात. परवा केशरबाईंनीच विचारले, इकडे एखादा प्लॉट मिळेल का.

कलम २. राहते घर सहादेवला, त्याच्या बायकोला व मुलांना. न्हाणीघराची मोरी उन्हाळ्याआधी दुरुस्त करून घ्यावी. हे मी जिवंतपणीही पुष्कळदा सांगितले आहे.

कलम ३. कारखान्यामागच्या दोन खोल्या मनकर्णाला, पूर्ण मालकी हक्काने. राहण्यापुरत्या नव्हे. तिने त्या ठेवाव्यात, विकाव्यात, कोणाला द्याव्यात. भात्यावरच्या बाईची मुलगी म्हणून कोणी तिला उठवायला आले, तर हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ४. किरकोळ वस्तू. पोस्टातली शिल्लक सहादेवच्या मुलांच्या शिक्षणाला. माझा रंगांचा डबा सहादेवच्या धाकटीला. त्यातले रंग वाळून खडे झाले असले तरी पाणी लावले की उठतात. माझ्या साड्या मनकर्णाला. ती म्हणेल, "मला कुठं मिरवायचंय." तरी द्याव्यात. पितळी स्टोव्ह केशरबाईंना. तो त्यांनी माझ्याकडून एका दिवाळीपुरता नेला होता, त्याला पुष्कळ दिवाळ्या लोटल्या. आता तो त्यांचाच समजावा, म्हणजे त्यांनाही मला पाहून पदर सावरावा लागणार नाही. मी नसेनच, पण माझ्या फोटोला पाहून.

कलम ५. कारखान्याविषयी. त्याची वाटणी सांगण्याआधी तिथे काम कसे चालते ते लिहिणे भाग आहे, कारण सगळे त्यावरच अडलेले आहे.

गहिनीनाथ शिंगणापूरच्या बाजूचे. त्यांच्या गावी घरांना दारे नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. ते फौजेच्या वर्कशॉपात झाळकाम, म्हणजे वितळलेल्या धातूने दोन भाग जोडण्याचे काम, शिकले आणि नोकरी सोडून इथे आले. त्यांनी कारखान्याला दार बसवू दिले नाही आणि एका अवजारालाही कधी कुलूप लावले नाही. दुसरा त्यांचा नेम शनिवारचा. शनिवारी लोखंड विस्तवात घालायचे नाही. त्या दिवशी फक्त तांबे आणि पितळ. म्हणून आमच्याकडे शनिवार हा कल्हईचा वार. दुधाचे कॅन, बोर्डिंगांची पातेली, लग्नघरची भांडी शनिवारी रांगेने चकचकीत होऊन बाहेर पडत. बाकीचे दिवस ट्रकचे रेडिएटर, पंपांचे भाग, विहिरी खोदणाऱ्यांचे गज.

फौजेतून त्यांनी काही इंग्रजी पुस्तिका आणल्या होत्या. त्यांना वाचता येत नसत. नव्या नवरीला इंग्रजी येते हे त्यांना कळले तेव्हा ते लाजत लाजत त्या घेऊन आले. आमच्या संसारातले पहिले बोलणे ते. मी वाचायची, मराठी करून सांगायची, आणि ते मान हलवायचे. एका पानावर लिहिले होते की तांब्याला कथील लावले की ते नुसते वर बसत नाही. दोघांच्या मध्ये एक तिसराच थर तयार होतो. तो ना तांब्याचा ना कथलाचा, दोघांचा मिळून झालेला, दोघांपेक्षा कठीण. त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव होते. मला त्याचे मराठी जमेना. भात्यावरून झुंबरबाई म्हणाली, "आवं बाई, ती साय हाय. दुदावर धरती तशी."

तेव्हापासून आमच्याकडे त्याला साय म्हणतात. कल्हई असो की झाळकाम, दोन धातूंना धरून ठेवते ती साय. ती पातळ असली तर जन्मभर धरते. जास्त वेळ विस्तवावर राहिली की जाड होते, आणि जाड साय काचेसारखी फुटते. बाहेरून जोड सुंदर दिसतो. फुटतो तेव्हाच कळते. म्हणून सगळी कला वेळेवर थांबण्यात आहे.

आता थांबायचे कसे? ज्योत धरणाऱ्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा असतो. त्याला ज्योत दिसते, पण धातूचा रंग नीट उमगत नाही. म्हणून आमच्या कारखान्यात मोठा जोड कधीही एकट्याने करत नाहीत. एकाने ज्योत धरायची, दुसऱ्याने बाजूला उघड्या डोळ्यांनी उभे राहून रंग पाहायचा आणि वेळ आली की "बस" म्हणायचे. "बस" ऐकले की ज्योत उचलायची, मग मनात काहीही असो. ज्योत धरणारा मालक असला तरी.

हे "बस" म्हणायचे काम पुढे माझ्याकडे आले. सिस्टर अगाथांनी पाण्याच्या रंगांत जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत पायऱ्या काढायला शिकवल्या होत्या, त्या अशा उपयोगी पडतील हे त्यांना वाटले नसेल. मी रंगांना आपली नावे ठेवली. आधी पिकलेल्या बोराचा रंग येतो. मग करडईच्या फुलाचा. बोर सरून करडई फुलू लागते तेवढ्यात म्हणायचे, बस. गहिनीनाथ गेल्यानंतर सहादेव ज्योत धरी आणि मी किंवा मनकर्णा पाहू. कधी मनकर्णा धरी आणि सहादेव पाही. तो तिला चिडवायचा, "मने, आज जेवली नाहीस का, आवाज निघंना." ती म्हणायची, "दादा, तुझ्या कानात कोळसा गेलाय, त्याला मी काय करू." असे ते दोघे होते.

कलम ६. घडलेली गोष्ट. ही मी ज्या दोघांकडून वेगवेगळी ऐकली त्यांच्याच शब्दांत देते, म्हणजे कोणाची बाजू घेतली असे होणार नाही.

गेल्या वर्षी, दुष्काळात, दसऱ्यानंतरच्या शनिवारी शेवगावकडून एक जीप आली. विहिरीचे काम चालू होते, तळाला काळा खडक लागला होता, आणि सुरुंगाची भोके पाडायच्या गजांचे दात गळून पडले होते. गजाच्या टोकाला फार कठीण धातूचा छोटा तुकडा झाळून बसवतात, त्याला आम्ही दात म्हणतो. मी त्या दिवशी एका बारशाला गेले होते.

सहादेवने मनकर्णाला हाक मारली. ती कल्हई करत होती.

ती म्हणाली, "दादा, आज शनवार हाय. बाबांनी घालून दिल्यालं मोडायचं न्हाई."

"तिकडं बाया घागरी घेऊन रांगेला उभ्या आहेत, आन् तू मला वार सांगते?"

"उद्या पाहाटं ये. मी समदं तयार ठिवते. आज मी लोखंडापाशी उभी राहनार न्हाई."

"नको राहू," सहादेव म्हणाला. "माझं मी करतो."

आणि त्याने एकट्याने केले. ज्योतही त्याची आणि डोळेही त्याचेच, काळ्या चष्म्याआडचे. दात चांगले बसलेले दिसत होते. जीप गज घेऊन गेली. सोमवारी विहिरीच्या तळाशी एक दात फुटला आणि त्याची कपची गज धरणाऱ्या छगनच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा गेला.

सहादेव म्हणतो, ती येऊन उभी राहिली असती तर हे झाले नसते. मनकर्णा म्हणते, त्याने शनिवारी लोखंड धरले नसते तर हे झाले नसते. ते एकमेकांना एकदाच म्हणाले, आणि त्यानंतर एकमेकांशी बोललेले नाहीत. यंदाच्या दसऱ्याला अवजारांची पूजा दोनदा झाली. सकाळी तिची, दुपारी त्याची. तिने आपले कल्हईचे फडताळ वेगळे केले आणि त्याला पितळी कुलूप लावले. त्यानेही तसेच गॅसच्या सामानाच्या कपाटाला लावले. ज्या जागेला दार नाही तिथे दोन कुलपे आली.

बोलायचे असेल तर माझ्यामार्फत. "माई, तुमच्या लेकाला सांगा, नवसागर संपलाय." "आई, मनकर्णाबाईंना सांग, मला कानांनी ऐकू येतं." समोरासमोर उभे राहून.

तरी यंदाच्या श्रावणापर्यंत काम चालले होते, कारण दोघांसाठीही "बस" मीच म्हणत असे. श्रावणात एका सकाळी सहादेवने रेडिएटरच्या टाकीवर ज्योत धरली आणि मला करडईचे फूल आधीपासूनच दिसत होते. ज्योत लागायच्याही आधीपासून. भिंत, त्याचा सदरा, माझा हात, सगळे त्याच एका पिवळ्या रंगाचे. मी लगेच म्हणाले, "सहादेव, उचल. मला आता कळत नाही." त्याने ज्योत बंद केली. मनकर्णा चार पावलांवर होती. तिने मान वर केली. तो तिच्याकडे पाहील म्हणून ती थांबली होती, हे तेवढे मला दिसले. त्याने पाहिले नाही. ती पुन्हा भांड्याकडे वळली.

त्या दिवसापासून कारखान्यात मोठा जोड झालेला नाही. कामे येतात आणि पुण्याला जा म्हणून परत जातात. वर स्टेनलेस स्टीलची भांडी आली, तेव्हा कल्हईचे दिवसही फार नाहीत. असेच राहिले तर माझ्यानंतर वर्षाच्या आत तिथे दुसऱ्याच कोणाची पाटी लागेल.

कलम ७. रद्द केलेल्या मृत्युपत्राविषयी. उन्हाळ्यात मी लिहिले होते की कारखान्याच्या मधोमध भिंत घालावी. पूर्वेचा भाग सहादेवचा, पश्चिमेचा मनकर्णाचा. गवंड्याकडून मोजमापही घेतले होते. मला वाटले होते, निदान भांडण तरी मिटेल. भिंतीमुळे भांडण मिटत नाही, ते फक्त ऐकू येत नाही. हे मला छगनरावांमुळे कळले.

कलम ८. छगनराव. या कलमाने मी छगनरावांना काही देणार होते. त्यासाठी त्यांना शेवगावहून बोलावून घेतले. ते अंगणात बसले, डाव्या डोळ्याने कारखान्याकडे पाहत. मी सांगितले की मृत्युपत्रात तुमचे नाव घालते आहे.

ते म्हणाले, "काकू, मला नगा काय घालू. दादा येतो की दर ऐतवारी."

मला ठाऊक नव्हते. मी विचारले, "कोण, सहादेव?"

"व्हय. शेंगा घिऊन येतो. बसतो. लई बोलत न्हाई. आन् शनवारी कल्हई उरकली की मनकर्णाबाई येत्यात, शिंगनापूर करून. त्या गूळ आनत्यात." मग ते हसले. "एकाच्या शेंगा, एकीचा गूळ. माझ्या पोरांची चैन हाय."

"एकमेकांना माहीत आहे?"

"न्हाई. दोगं बी सांगू नगा म्हनत्यात. पर दोगं बी जाताना उंबऱ्यात थांबत्यात आन् तेच इचारत्यात. 'दुसरं काय म्हनतंय?'"

मी त्यांच्यापुढे चहाची कपबशी सरकवली.

छगनराव म्हणाले, "काकू, डोळा गेला तो गेला. तुमी मला देताय तर एवढंच लिवा, त्या दोगांनी एकमेकांसंगं बोलावं. मला मधी बसून कटाळा आलाय."

मी म्हणाले, असे मृत्युपत्रात लिहिता येत नाही. ते म्हणाले, "मग तुमी शाळा शिकून काय केलं?"

छगनरावांना त्यांच्या इच्छेप्रमाणे या मृत्युपत्रात काहीही दिलेले नाही. त्यामुळे ते साक्षीदार होऊ शकतात, आणि ते त्यांनी आनंदाने कबूल केले आहे.

कलम ९. कारखान्याची वाटणी. कारखाना, भट्टी, भाता, गॅसचे सामान, सर्व अवजारे, शिल्लक कथील, टाकणखार, नवसागर आणि आमच्या नावावरची पत, हे सर्व मी सहादेव आणि मनकर्णा यांना मिळून देते. समाईक, सारख्या हक्काने, न वाटता. मध्ये भिंत घालू नये, पडदा लावू नये, खडूची रेघ ओढू नये. दोघांपैकी कोणी एकट्याने आपला भाग विकू नये. पाटीवर गहिनीनाथांचे नाव आहे ते राहू द्यावे. खाली आणखी दोन नावे मावतील इतकी जागा त्यांनी का सोडली होती, कोण जाणे.

शनिवारी लोखंड विस्तवात घालायचे की नाही, हे मी ठरवून देत नाही. मला विचाराल तर छगनरावांचा डोळा शनिवारने नेला नाही आणि मनकर्णानेही नेला नाही. त्या दिवशी "बस" म्हणायला कोणी नव्हते. ते माणूस कुठे होते आणि का नव्हते, यावर वर्ष गेले. आणखी वर्ष घालवू नये.

कलम १०. कुलपांविषयी. दोन्ही पितळी कुलपे काढावीत, किल्ल्यांसकट. ती वितळवून त्या पितळेची झाळ, म्हणजे जोडात भरायचा धातू, करावी. आतल्या लोखंडी स्प्रिंगा आधी काढून टाकाव्यात.

कलम ११. घंगाळाविषयी, आणि हे कलम मुख्य आहे. माझ्या आंदणात आलेले तांब्याचे घंगाळ न्हाणीघरात आहे. त्यावर ठिपक्यांनी माझे माहेरचे नाव घातले आहे. सहादेवला मी त्यातल्या पाण्याने न्हाऊ घातले आहे, आणि मनकर्णालाही. झुंबरबाईला संकोच वाटायचा, पोर घंगाळातच बसून राहायची. त्याचा एक कान निखळला आहे. तो कलम दहामधल्या कुलपांच्या झाळीने जोडावा.

हा जोड अवघड आहे. पितळ वितळून पळू लागते तिथून तांबे खचायला फार वेळ लागत नाही. एकट्याने होणारे हे काम नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

माझ्या तेराव्यानंतर येणाऱ्या पहिल्या शनिवारी हे काम कारखान्यात करावे. तांबे-पितळ असल्याने मनकर्णाला वाराची हरकत घेता येणार नाही. ज्योत गॅसची असल्याने सहादेवला हे भट्टीवरचे काम आहे म्हणून अंग काढता येणार नाही. माझे शेजारी गोरक्षनाथ सुपेकर गुरुजी, ज्यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते, त्यांनी तिथे खुर्चीवर बसावे आणि निरोप्याचे काम करू नये. कोणी म्हणाले, "गुरुजी, त्याला सांगा," तर त्यांनी वर्तमानपत्र वाचावे.

कोणी ज्योत धरायची आणि कोणी "बस" म्हणायचे, ते दोघांनी आपापसांत बोलून ठरवावे. माझी अट एवढीच आहे की बोलून ठरवावे.

जोड चांगला व्हावा अशी अट नाही. घंगाळ खचले, कान वाकडा बसला, तरी कलम नऊ लागू होईल. पण दोघांपैकी एक जरी आले नाही, आणि माझ्या वर्षश्राद्धापर्यंतही हे काम झाले नाही, तर गुरुजींनी कारखाना विकून येणारी सर्व रक्कम गरिबांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी द्यावी. मग ते फुटके घंगाळ छगनरावांकडे पोचवावे. त्यांच्या मुलांना शेंगा ठेवायला होईल. गूळ तेव्हा येईल की नाही, सांगता येत नाही.

कलम १२. माझ्या नंतरचे. अमरधामात न्यावे, साधेपणाने. मी सिस्टरांकडे शिकलेली प्रार्थना रोज मनात म्हणत आले आणि शिंगणापूरला तेलही पाठवत आले. त्या दोन्ही देवांनी कधी तक्रार केली नाही, तेव्हा कोणी माझ्यामागे त्यावर वाद काढू नये. काळा चष्मा, जो गहिनीनाथांचा आहे आणि ज्याची उजवी काच मी दोनदा बदलली आहे, तो माझ्याबरोबर न देता कारखान्यातल्या खिळ्यावर टांगावा. ज्या दिवशी जो ज्योत धरील त्याने तो घालावा. ज्याच्या डोळ्यांवर तो नसेल त्याने शेजारी उभे राहावे.

शस्त्रक्रियेतून मी बरी होऊन परत आले, तर हे सर्व कलम अकरासकट मी स्वतः खुर्चीवर बसून करवून घेईन आणि गुरुजींना तसदी पडणार नाही. ईश्वराची तशी इच्छा असावी अशी माझी इच्छा आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाली सही करून पुरे करते.

(सही) विजयमाला गहिनीनाथ कराळे ——————

साक्षीदारांचे निवेदन, गोरक्षनाथ सुपेकर यांच्या हस्ताक्षरात:

वरील मृत्युपत्रावर श्रीमती विजयमाला कराळे यांनी आम्हा दोघांसमक्ष, शुद्धीत व स्वखुशीने सही केली, आणि आम्ही दोघांनी त्यांच्यासमक्ष आमची नावे घातली. सही सकाळच्या उजेडात व्हायची होती, परंतु शेवगावची एसटी उशिरा आल्याने दिवस कलला होता. बाईंना कागदाची कड दिसत नव्हती. नाव पुरे झाल्यावरही पेन पुढे जात राहिले. कागद संपत आला तेव्हा शेजारी बसलेले साक्षीदार छगन यांनी "बस" म्हटले आणि बाईंनी पेन उचलले. सहीपुढे आलेली लांब रेघ त्यामुळे आहे. ती खाडाखोड नसून सहीचाच भाग समजावी.

साक्षीदार:

१. (सही) गोरक्षनाथ बाबुराव सुपेकर, निवृत्त मुख्याध्यापक, सावेडी.

२. (सही) छगन रामभाऊ घुगे, धंदा मजुरी, तालुका शेवगाव.

ठिकाण: सावेडी, अहमदनगर.
दिनांक: १२ डिसेंबर १९७३, बुधवार.